कितव्या मजल्यावरून?

वीस वर्षं होऊन गेली असतील. एका दैनिकात मी रात्रपाळीला होतो आणि काम म्हणजे परदेशी वृत्तसंस्थांच्या बातम्यांचं मराठी करणं. एका रात्री अकराच्या सुमारास युरोपातल्या कुठल्याशा पक्षाची बातमी माझ्याकडे आली. तिथल्या नेत्याचं म्हणे ‘डिफेनेस्ट्रेशन’ झालं होतं. शब्द आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो. टेबलावरचा जाडजूड शब्दकोश उघडला, अर्थ सापडला : खिडकीतून बाहेर फेकणे. पान सोडायची वेळ झालेली. मी बेधडक लिहून टाकलं, ‘पक्षनेत्याला खिडकीतून फेकले.’ वृत्तसंपादकांनी कॉपी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे विचारलं, ‘‘कितव्या मजल्यावरून?’’

मी गप्प. त्यांनी लाल पेनाने माझी ओळ खोडली, वर एकच शब्द लिहिला आणि कॉपी पुढे सरकवली. तो शब्द कोणता ते ओघात येईलच. पण त्या रात्रीपासून हे डिफेनेस्ट्रेशन माझ्या मागे लागलं ते लागलंच.

शब्द दिसतो तेवढा अवघड नाही. त्याचे तीन तुकडे पडतात. सुरुवातीचा ‘डी’ म्हणजे लॅटिनमधला ‘डे’ : पासून, बाहेर, वरून खाली. डिपोर्ट आणि डिसेंड या शब्दांच्या तोंडाशी तोच बसलाय. शेवटचा ‘एशन’ हा क्रियेचं नाम घडवणारा प्रत्यय, साधारण आपल्या ‘-करण’सारखा. आणि मधला मुख्य ऐवज ‘फेनेस्ट्रा’, म्हणजे लॅटिनमधली खिडकी. एकूण काय, तर ‘खिडकीबाहेरकरण’.

मात्र तिन्ही तुकडे अस्सल लॅटिन असले तरी अख्खा शब्द काही जुन्या रोममधला नाही. सिसेरो या रोमन वक्त्यासमोर कुणी तो उच्चारला असता तर त्याने तुकडे ओळखले असते, पण ‘हे कुठून काढलंस बाबा?’ असंही विचारलं असतं. शब्द घडला पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य बुडाल्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी, आणि त्याला निमित्त झालं प्राग शहर.

प्रागमध्ये माणसं खिडकीतून फेकायची जवळजवळ वहिवाटच होती. १४१५ मध्ये यान हुस या सुधारक धर्मोपदेशकाला पाखंडी ठरवून जिवंत जाळलं गेलं. त्यानंतर त्याचे अनुयायी धुमसत होते. ३० जुलै १४१९ रोजी यान झेलिव्हस्की नावाच्या उपदेशकाच्या मागून त्यांची मिरवणूक नगरसभेच्या इमारतीपाशी पोहोचली. तुरुंगात टाकलेल्या साथीदारांना सोडा, ही मागणी. वरच्या खिडकीतून कुणीतरी दगड भिरकावला म्हणतात. जमाव आत घुसला आणि नगरसभेच्या लोकांना त्याच खिडक्यांतून खाली टाकलं. खाली उभे असलेल्यांच्या हातात भाले होते. वाचायचा प्रश्नच नव्हता.

पण शब्दाला जन्म देणारी घटना त्यानंतर दोनशे वर्षांनी घडली. साल १६१८. त्याच वर्षी आपल्याकडे दाहोदला औरंगजेबाचा जन्म झाला, म्हणजे काळाचा अंदाज यावा. बोहेमियावर, म्हणजे आजच्या चेक प्रदेशावर, हाब्सबर्ग घराण्याची सत्ता होती. राज्यकर्ते कॅथलिक, तर तिथले बरेचसे सरदार प्रोटेस्टंट. रुडॉल्फ बादशहाने १६०९ मध्ये एका सनदेने प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य दिलं होतं. पुढच्या राज्यकर्त्यांना ते डाचू लागलं. दोन गावांत प्रोटेस्टंटांची प्रार्थनामंदिरं उभी राहू नयेत म्हणून एक बंद करवलं आणि दुसरं पाडलं. सरदारांच्या लेखी हा सरळसरळ सनदेचा भंग होता.

२३ मे रोजी सकाळी काउंट थुर्न याच्या पुढाकाराने ही मंडळी प्रागच्या किल्ल्यातल्या कचेरीत शिरली. बादशहाचे चार कारभारी तिथे हजर होते. चौकशीसारखं काहीतरी झालं. दोघे निर्दोष म्हणून त्यांना बाजूला नेलं. उरले स्लावाता आणि मार्टिनिट्स. आधी मार्टिनिट्सला खिडकीतून लोटला. स्लावाता चिवट निघाला. बाहेर लोंबकळत त्याने चौकट घट्ट धरून ठेवली. तेव्हा कुणीतरी खंजिराच्या मुठीने त्याच्या बोटांवर ठोसे घातले आणि पकड सुटली. मागोमाग त्यांचा चिटणीस फाब्रिसियस. तो बिचारा नोकरमाणूस, पण जमावाला एकदा जोर चढला की पदाची श्रेणी कोण बघतो?

उंची साधारण साठ-सत्तर फूट. तरीही तिघेही वाचले! कॅथलिकांनी सांगितलं, मेरीमातेने झेललं. प्रोटेस्टंटांनी सांगितलं, कचऱ्या-शेणाच्या ढिगाऱ्यात पडले. अंगावरचे जाड झगे आणि खाली उतरती होत गेलेली भिंत यामुळे वेग कमी झाला असावा, असंही इतिहासकार सांगतात. मला यातला चिटणीसच सगळ्यांत आवडतो. तो उठला, व्हिएन्ना गाठली आणि बादशहाच्या दरबारात झाला प्रकार सांगितला. पुढे त्याला सरदारकी मिळाली आणि सोबत नवं उपनाव मिळालं, ‘फॉन होहेनफाल’. जर्मनमध्ये ‘होह’ म्हणजे उंच आणि ‘फाल’ म्हणजे पडणं. म्हणजे आपल्या भाषेत ‘श्रीमंत उंचावरूनपडे’.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र पुढे काही उरलं नाही. या खिडकीपासून जे युद्ध पेटलं ते तीस वर्षं चाललं आणि मध्य युरोपात लाखो माणसं त्यात मेली. तलवारीने थोडी, दुष्काळाने आणि रोगराईने फार. ते १६४८ मध्ये थांबलं, तेव्हा इकडे शिवाजी महाराज अठरा वर्षांचे होते.

आता माणसं फेकली चेक सरदारांनी, फेकली गेली तीही तिथलीच, मग शब्द लॅटिन का? कारण त्या काळी युरोपात शिकल्यासवरल्या माणसाची सामाईक भाषा लॅटिन होती. विद्यापीठात शिकवायचं, दुसऱ्या देशाच्या राजाला पत्र लिहायचं, आपली बाजू मांडणारं पत्रक काढायचं, तर लॅटिनमध्ये. बोलीभाषा कुणाचीही असो, नवा शब्द पाडायचा तर टाकसाळ लॅटिनची. आपण याहून वेगळं काय करतो? इंग्रजीतल्या ‘मेयर’ला सावरकरांनी ‘महापौर’ केलं, ‘टेलिफोन’ला ‘दूरध्वनी’. कालिदासाने हे शब्द ऐकले असते तर त्याला तुकडे कळले असते, पण दूरवरून येणारा हा ध्वनी मेघगर्जनेचा की काय, असं वाटलं असतं. डिफेनेस्ट्रेशनचं हेच झालं. ते इंग्रजीचं तत्सम आहे.

तत्सम शब्दाचा एक गुण असतो. तो वस्तूला इस्त्री करून देतो. ‘मेला’ आणि ‘निधन पावले’ यांत जो फरक, तोच ‘खिडकीतून ढकललं’ आणि ‘डिफेनेस्ट्रेशन’ यांत. एका माणसाची बोटं खंजिराने ठेचून त्याला खाली पाडलं, या प्रकाराला सहा अक्षरी भारदस्त नाव मिळालं की ते एखाद्या शस्त्रक्रियेचं किंवा सरकारी योजनेचं वाटू लागतं. इंग्रजीत या शब्दाचं लोकांना जे कौतुक आहे ते यामुळेच. क्रिया रानटी आणि नाव दरबारी.

फेकणाऱ्यांनाही आपल्या कृत्याला दरबारी पोशाख हवाच होता. बोहेमियन सरदारांनी नंतर आपल्या बचावाचं जे निवेदन काढलं त्यात दोन दाखले दिले. एक बायबलमधली ईजेबेल राणी, जिला खिडकीतूनच खाली टाकलं होतं. दुसरा रोमन लोकांचा, की राज्याची शांतता मोडणाऱ्यांना ते कड्यावरून लोटत. दुसरा दाखला खरा आहे. रोममधल्या कॅपिटोलाइन टेकडीला टार्पियन नावाचा कडा होता आणि फितुरांना तिथून ढकलत. ज्याने एकेकाळी ती टेकडी शत्रूपासून वाचवली त्या मार्कुस मान्लियुसलाही, राजा व्हायला बघतो असा ठपका ठेवून, इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये तिथूनच लोटल्याची हकिकत रोमन इतिहासात आहे.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. रायगडावर टकमक टोकापाशी उभं राहून खाली डोकावलं की पोटात गोळा येतो आणि तेवढ्यात गाइड ‘कडेलोट’ हा शब्द उच्चारतो. कडा अधिक लोटणे. यात संस्कृतची इस्त्री नाही, दोन मराठी शब्द एकमेकांना भिडलेत. डिफेनेस्ट्रेशनला मराठी प्रतिशब्द घडवायचा तर मी ‘गवाक्षक्षेपण’ वगैरेच्या वाटेला जाणार नाही. ‘खिडकीलोट’ म्हणेन.

रोमन स्वतः काय म्हणत? त्यांच्याकडे दोन क्रियापदं होती. एक ‘डेइकेरे’, खाली फेकणे. त्याचा वंशज इंग्रजीत ‘डिजेक्टेड’ म्हणून नांदतोय. खिन्न माणूस म्हणजे मनाने खाली फेकला गेलेला. आणि रसायनशास्त्राच्या मराठी पुस्तकात जो ‘अवक्षेप’ येतो, त्याची फोड नेमकी हीच आहे, अव म्हणजे खाली, क्षेप म्हणजे फेक. पण इंग्रजीत अवक्षेपाला म्हणतात ‘प्रेसिपिटेट’, आणि तो आलाय रोमनांच्या दुसऱ्या क्रियापदावरून, ‘प्रेकिपितारे’. प्रे म्हणजे पुढे, कापुट म्हणजे डोकं. डोकं पुढे करून, तोंडावर पडणे किंवा पाडणे. हवामानाच्या इंग्रजी तक्त्यात पावसाला ‘प्रेसिपिटेशन’ म्हणतात ना, तो पाऊसही मुळात डोक्यावर आपटणारा!

तरीही खिडकीतून फेकण्याशी रोमनांचा संबंध रोजचा होता. फक्त फेकलं जायचं ते माणसाऐवजी वस्तूंना. रोममध्ये पाच-सहा मजली भाड्याच्या चाळी होत्या. रात्री काळोख, रस्ते अरुंद आणि वरून फुटकी मडकी, खरकटं, घाण पाणी. जुव्हेनाल हा कवी बजावतो की मृत्युपत्र न करता रात्री जेवायला बाहेर पडणारा माणूस बेफिकीर म्हणायचा, वाटेत जितक्या उघड्या खिडक्या तितकी मरणं. या उपद्रवासाठी कायदाही होता, त्याचं नावच ‘ओतलेल्या किंवा फेकलेल्या वस्तूंबद्दल’. येण्याजाण्याच्या जागी वरून काही टाकून नुकसान झालं तर त्या घरात राहणाऱ्याने दुप्पट भरपाई द्यायची. नेमकं कुणी टाकलं हे सिद्ध करायची गरज नाही. स्वतंत्र नागरिक मेला तर पन्नास सोन्याची नाणी. जखमी झाला तर औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी धरायची, पण अंगावर राहिलेल्या व्रणाचे पैसे नाहीत. कारण काय, तर स्वतंत्र माणसाच्या शरीराची किंमत करता येत नाही.

आमच्या सोसायटीच्या फलकावर ‘गॅलरीतून व खिडकीतून कचरा, पाणी, केस टाकू नयेत’ अशी सूचना कायम लागलेली असते आणि दर सर्वसाधारण सभेत ‘कुणी टाकलं’ यावर तासभर जातो. रोमन न्यायाधीशांनी हा तासभर वाचवला होता.

आता खुद्द फेनेस्ट्राकडे वळू. ही खिडकी लॅटिनमध्ये आली कुठून? काही जुन्या पंडितांनी तिचं नातं ग्रीकमधल्या ‘दाखवणे’ या अर्थाच्या धातूशी लावलं, ते काही पटत नाही. आजच्या बऱ्याच अभ्यासकांचा कल असा, की हा शब्द एट्रुस्कन लोकांकडून उचलला असावा. रोमच्या उत्तरेला राहणारे हे लोक, रोमच्या आधी वैभवाला चढलेले, आणि त्यांची भाषा लॅटिनच्या कुळातली नव्हे. हा अंदाज वाचला की मला लिव्हियुस या रोमन इतिहासकाराच्या ग्रंथातली टानाक्विल राणी आठवते. राजावर मारेकरी चालून आले, बाहेर गर्दी जमली, तर ही बाई वरच्या मजल्याच्या खिडकीत येऊन लोकांना सांगते, काळजी करू नका, राजेसाहेब शुद्धीवर आहेत. तोवर कारभार माझे जावई बघतील. राजाचा जीव तर गेलेलाच होता. रोमच्या कथांमधली ही गाजलेली खिडकी, आणि तिच्यात उभी राहिलेली बाई एट्रुस्कन! याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही, पण योग जमून आलाय.

सुरुवातीला या खिडक्या म्हणजे भिंतीतली नुसती भोकं, फार तर लाकडी झडप. प्रकाश आत घेणारी तावदानं आपल्या हयातीत आली, असं इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेनेका हा रोमन तत्त्वज्ञ लिहितो. पाँपेईच्या उत्खननात काचेची तावदानं सापडली आहेत, आणि जिथे काच नव्हती तिथे जिप्समसारख्या पारदर्शक दगडाचे पातळ पापुद्रे बसवत. गोव्यातल्या जुन्या घरांत खिडक्यांना शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. उन्हाचं दूध करून आत सोडणाऱ्या. युक्ती तीच.

लॅटिनच्या लेकींनी फेनेस्ट्रा आपापल्या परीने सांभाळली. इटालियनमध्ये फिनेस्ट्रा. फ्रेंचमध्ये ‘फनेत्र’, लिहिताना मधल्या स्वराच्या डोक्यावर छोटी टोपी असते. ती टोपी म्हणजे गळालेल्या ‘स’चं थडगं. जर्मनने लेक नसूनही शब्द उचलला, फेन्स्टर. इंग्रजीतही ‘फेनेस्टर’ सोळाव्या शतकापर्यंत ये-जा करत होता, पण तिथे ‘विंडो’ने त्याला हरवलं. (म्हणजे इंग्रजीने आधी फेनेस्टरलाच बाहेर काढलं आणि मग डिफेनेस्ट्रेशन आत घेतलं.)

‘विंडो’ आणली उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी. त्यांच्या जुन्या भाषेत ती ‘विंडऑगा’, विंड म्हणजे वारा, ऑगा म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा. आणि इथे संस्कृत जाणणारा माणूस खुर्चीत सरसावून बसतो. आपल्याकडे ‘वातायन’ आहे, वाऱ्याची वाट. आपल्याकडे ‘गवाक्ष’ आहे, बैलाचा डोळा. एकीने वारा घेतला, एकीने डोळा. विंडोने दोन्ही घेतले. शिवाय विंड आणि वात हे एकाच प्राचीन धातूचे, आणि तिथला डोळा नि आपला अक्षि हेही चुलतभाऊ. खिडकीची कल्पना मात्र दोन्हीकडे स्वतंत्रपणेच सुचली असावी. भिंतीत भोक पाडलं की त्यातून वारा येतो आणि बाहेर बघता येतं, हे कळायला कुणाचा वारसा लागत नाही.

पोर्तुगीज मात्र वेगळ्याच वाटेने गेले. त्यांची खिडकी ‘जानेला’, आणि ती लॅटिनच्या ‘यानुआ’ म्हणजे दार या शब्दाचं लाडकं रूप, छोटंसं दार. दारांचा रोमन देव यानुस, दोन तोंडांचा. वर्षाचं दार उघडणारा महिना त्याच्या नावाने जानेवारी. पोर्तुगीज जहाजं जिथे जिथे लागली तिथे जानेला उतरली. कोकणीत ती जनेल झाली, तमिळमध्ये जन्नल, बंगालीत जानला, मलाय भाषेत जेंदेला. गोव्याच्या घरात ‘जनेल लाव’ असं कुणी म्हणतं तेव्हा त्या शब्दात जानेवारी दडलेला असतो. आपली ‘खिडकी’सुद्धा मुळात बाजूच्या छोट्या दाराचाच शब्द. शनिवारवाड्याच्या पाच दरवाजांपैकी एकाचं नाव ‘खिडकी दरवाजा’ आहे, ते ऐकून आता विचित्र वाटू नये.

शनिवारवाड्याचा विषय निघालाच तर, १७९५ मध्ये सवाई माधवराव पेशवे तिथे वरून कारंज्यावर पडले आणि दोन दिवसांनी वारले. तोल गेला की उडी घेतली, हा वाद आजही मिटलेला नाही. प्रागमध्ये मार्च १९४८ मध्ये परराष्ट्रमंत्री यान मासारिक यांचा देह मंत्रालयाच्या अंगणात खिडकीखाली सापडला, तेव्हा कम्युनिस्टांनी सत्ता घेऊन दोनच आठवडे झाले होते. तिथे तिसराही पर्याय होता, ढकललं. त्यावरही अजून चर्चा चालू आहे. चर्चा करणाऱ्यांना शब्द शोधावा लागला नाही, एवढंच.

फेनेस्ट्रा इंग्रजीत आणखी कुठे भेटते? डॉक्टरांकडे : कानाच्या आतल्या चिमुकल्या पडदाबंद भोकाचं नाव ‘फेनेस्ट्रा ओव्हालिस’, अंडाकृती खिडकी. वास्तुविशारदांकडे, जे इमारतीच्या खिडक्यांच्या मांडणीला ‘फेनेस्ट्रेशन’ म्हणतात. आणि नर्सरीत. हल्ली बाल्कन्यांमध्ये मॉन्स्टेरा नावाचं मोठ्या पानांचं झाड फार दिसतं. त्याच्या पानांना पडणाऱ्या भोकांनाही फेनेस्ट्रेशनच म्हणतात. माझ्या बायकोच्या मॉन्स्टेराला दोन वर्षांत एकही खिडकी पडलेली नाही. ऊन कमी पडतंय, असं नर्सरीवाला म्हणतो.

आज मात्र इंग्रजी वर्तमानपत्रात डिफेनेस्ट्रेशन येतं ते बहुधा खिडकीशिवाय. अध्यक्षाला पक्षाने अचानक पदावरून हाकलला, कंपनीच्या संचालकांनी प्रमुखाला एका रात्रीत घरी बसवलं, की हा शब्द वापरतात. संगणकवाल्यांचा विनोद आणखी वेगळा : विंडोज काढून लिनक्स टाकलं की झालं डिफेनेस्ट्रेशन. शब्दाच्या तीन तुकड्यांमधलं ‘फेनेस्ट्रा’ झिजून गेलंय, ‘बाहेर’ तेवढं उरलंय. त्या रात्री मी झिजून गेलेला तुकडाच पकडून बसलो होतो.

वृत्तसंपादकांना लॅटिन येत नव्हतं. प्रागची गोष्टही त्यांना ठाऊक नव्हती, हे मी नंतर मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो तेव्हा कळलं. पण हातपाय धरून माणसाला उचलायचं आणि बाहेर नेऊन टाकायचं, या क्रियेला मराठीत शब्द आहे, आणि पदावरून तडकाफडकी हटवण्यालाही तोच शब्द चालतो, हे त्यांना ठाऊक होतं. सकाळच्या अंकात मथळा होता : ‘पक्षनेत्याची उचलबांगडी’.